वनाचे ऋण आणि धावणारी पावले

मुंबई महानगरात हौसेने धावणाऱ्यांचा एक मोठा वर्ग गेल्या दोन दशकांत उभा राहिला आहे. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनने या छंदाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे खरे. परंतु या छंदाचा खरा आधार पदकविजेता स्पर्धक नाही. कोणत्याही बक्षिसाची अपेक्षा न ठेवता, केवळ शरीर सुदृढ आणि मन प्रसन्न राहावे म्हणून पहाटे घराबाहेर पडणारा नोकरदार, गृहिणी, निवृत्त शिक्षक हा तो आधार आहे. वर्षातील एका रविवारी महानगराचे रस्ते त्यांच्यासाठी मोकळे केले जातात. उरलेल्या दिवशी त्यांनी धावायचे कोठे? पदपथ वाहनांनी अडवलेले, मैदाने मंडपांनी व्यापलेली आणि बागेतील फेरीमार्ग चार मिनिटांत संपणारा! साहजिकच उत्तर उपनगरांतील अनेकांची पावले बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे वळतात.

सुमारे १०४ चौरस किलोमीटर पसरलेले हे वन मुंबई उपनगर आणि ठाणे या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे. एवढ्या दाट लोकवस्तीला खेटून वसलेले असे अरण्य जगात दुर्मिळच. मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंतचा सहा-सात किलोमीटरचा रस्ता धावणाऱ्यांच्या विशेष आवडीचा आहे. प्रारंभी सपाट, झाडांच्या सावलीतून जाणारा हा मार्ग शेवटच्या चढणीवर धावणाऱ्याची खरी परीक्षा पाहतो. डांबर, धूर आणि भोंगे यांच्या जगातून आलेल्या माणसाला येथे पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो आणि श्वासाबरोबर ओल्या मातीचा गंध मिळतो. हा आनंद निर्भेळ आहे आणि त्यावर आक्षेप घेण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न वेगळाच आहे. ‘उद्यान’ या शब्दाने सर्वसामान्यांची फसगत होते. उद्यान म्हटले की हिरवळ, बाके आणि कारंजी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित अरण्य आहे. येथील यजमान वन्यजीव आहेत, माणूस पाहुणा आहे. २०१५ सालच्या कॅमेरा-पाहणीत या उद्यानात व लगतच्या परिसरात ३५ बिबट्यांची नोंद झाली होती. बिबट्याचा वावर प्रामुख्याने संध्याकाळपासून पहाटेपर्यंत असतो. म्हणूनच प्रवेशाच्या वेळा पाळणे, अंधारात एकट्याने आडवाटेला न जाणे आणि कानांत संगीत न कोंबणे, हे नियम जाचक नसून विवेकाचे आहेत. २००२ ते २००४ या काळात या परिसरात बिबट्यांचे हल्ले वाढले होते. अन्यत्र पकडलेले बिबटे अनोळखी वनात आणून सोडण्याची पद्धत त्यास कारणीभूत ठरली असावी, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. पाहुण्याने यजमानाचे घर न ओळखता हस्तक्षेप केला की काय होते, याचा तो धडा होता.

याच वनाच्या पाड्यांवर राहणारे वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघदेवाची पूजा करत आले आहेत. ज्याचे भय वाटते त्याचा समूळ नायनाट न करता त्याला देवत्व देऊन त्याच्याशी मर्यादेने वागायचे, ही या भूमीची रीत आहे. ती अंधश्रद्धा म्हणून हिणवणाऱ्या नागर समाजाने प्लास्टिकच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने वनात टाकून यावीत, माकडांना बिस्किटे चारून त्यांच्या सवयी बिघडवाव्यात, यात सुसंस्कृत कोण, याचा विचार ज्याने त्याने करावा.

अर्थात सारा दोष धावणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्राला बलोपासना नवी नाही. समर्थ रामदासांनी मारुतीची मंदिरे उभारून तिला अधिष्ठान दिले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून तिला संस्थेचे रूप दिले. तालीम आणि आखाडा वस्तीच्या मध्यभागी असे. व्यायामासाठी कोणाला कोसभर प्रवास करावा लागत नसे. आज नगरनियोजनाची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वे दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळ्या जागेची अपेक्षा करतात. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. प्रत्येक प्रभागात धावण्यायोग्य एक मैदान राखले असते, तर अरण्यावर व्यायामशाळेचा भार पडला नसता. आरक्षित मैदाने गिळंकृत होत असताना गप्प बसणारा समाज अखेर वनाच्याच दारात येऊन उभा राहतो.

वनावरील संकटे याहूनही मोठी आहेत. अतिक्रमणाविरुद्ध १९९५ साली याचिका दाखल झाली आणि १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा व पात्र रहिवाशांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला. तरीही हा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले. महानगराला दळणवळण हवेच. परंतु वनाच्या पोटातून जाणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने झाडांचा, झऱ्यांचा आणि वन्यजीवांच्या वाटांचा हिशेब लोकांपुढे मांडला पाहिजे. तो हिशेब मागणार कोण? रोज या वाटेवरून धावणाऱ्याइतका जाणता साक्षीदार दुसरा नाही. कोणते झाड पडले, कोणता ओहोळ आटला, कोठे राडारोडा येऊन पडला, हे त्याच्या पावलांना आधी कळते. हा वर्ग संघटित झाला, तर वनखात्याला त्याच्याइतका विश्वासू सहकारी मिळणार नाही.

या दृष्टीने कान्हेरीचा डोंगर खूप काही शिकवतो. शंभराहून अधिक लेण्यांच्या या परिसरात ब्राह्मी शिलालेख आहेत. त्यांत सोपारा, कल्याण येथील दात्यांची नावे कोरलेली आहेत. कोणी लेणे खोदविले, कोणी पाण्याचे टाके दिले. पावसाचा थेंबन्‌थेंब पाटांतून टाक्यांत साठविण्याची येथील योजना आजही पाहणाऱ्याला थक्क करते. याच डोंगररांगांत एकोणिसाव्या शतकात विहार आणि तुळशी हे तलाव झाले आणि मुंबईची तहान भागवू लागले. म्हणजे दोन सहस्रके हा डोंगर देतोच आहे. त्या काळी येथे येणारा व्यापारी रिक्त हस्ते परतत नसे आणि डोंगरालाही रिक्त ठेवत नसे.

आजचा धावणारा नागरिक याच चढणीवरून आरोग्य घेऊन परततो. त्याने टाके खोदावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. महिन्यातून एक सकाळ त्याने धावण्याऐवजी कचरा वेचण्यासाठी, रोपे जगविण्यासाठी, वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढणाऱ्या वनकर्मचाऱ्यांच्या मदतीसाठी दिली, तरी पुष्कळ झाले. घेतलेल्याची परतफेड करणे, यालाच आपल्याकडे ऋणमुक्ती म्हणतात. देह सुदृढ करणाऱ्या पावलांनी एवढे भान राखले, तर पुढच्या पिढीलाही धावण्यासाठी वाट उरेल, आणि त्या वाटेवर सावलीही!