बर्फाचा ड्रम

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं वाळूजमध्ये कमी नाहीत. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्यांत राहायचं, कंपनीत पाळी करायची आणि पहाटे 1600 मीटर पळायचं. मांड्या-पोटऱ्या भरून आल्या की हल्ली मोबाइल उपाय सुचवतो: ड्रमात बर्फ टाका आणि गळ्यापर्यंत बसा.

आधी हिशेब. 30 अंशांचं 150 लिटर पाणी 15 अंशांवर आणायला 24 किलोच्या आसपास बर्फ लागतो. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी 30 वर कुठलं थांबतंय! शिवाय जायकवाडी एवढं जवळ असून टँकरकडे डोळे लावणाऱ्या वस्तीत एका मांडीदुखीसाठी एवढं पाणी घालवायचं का, हे खोलीतल्या बाकीच्यांना विचारावं लागेल.

बरं, उतार पडतो का? थोडा पडतो. 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात 17 छोटे प्रयोग तपासले गेले. नुसत्या विश्रांतीपेक्षा गार पाण्यात बसलेल्यांचं पुढच्या चार दिवसांतलं दुखणं कमी भरलं. पण दुखणं किती, हे सांगणारा तोच, बर्फात बसलेला. औषधाच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते. गारठ्याचं सोंग कसं आणणार? त्यामुळे या उतारात मनाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड.

खरी गोम पुढे आहे. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 12 आठवडे ताकदीचा व्यायाम करवून घेतला. व्यायामानंतर दरवेळी 10 मिनिटं गार पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू आणि ताकद, हलकी सायकल मारणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. गोळाफेकीच्या 15 गुणांसाठी घाम गाळायचा आणि वाढू पाहणारा स्नायू रोज गारठवायचा, हा कुठला शहाणपणा? सकाळ-संध्याकाळ सामने असलेल्या कबड्डीपटूची गोष्ट वेगळी. त्याला त्या दिवसापुरतं निभवायचं असतं.

एकदम गार पाण्यात शिरलं की श्वास उडतो, रक्तदाब चढतो. हृदयाचं दुखणं असलेल्याने या फंदात पडू नये. आणि ड्रम भंगारातला असेल तर त्यात आधी कुठलं रसायन होतं, हे कोण सांगणार?

भरलेलं अंग बहुधा तीन-चार दिवसांत आपोआप मोकळं होतं. व्यायाम बेताबेताने वाढवावा, दुसऱ्या दिवशी हलकं चालावं, झोप पुरी घ्यावी. रात्रपाळी सुटली की थेट मैदान गाठणाऱ्याला नेमकी तीच मिळत नाही. अकॅडमीत नाव घालताना पोराची उंची-छाती मोजतात; पाळी कोणती, हेही तिथेच विचारून सरावाची वेळ ठरवावी.