तारा उतरवाव्या कीं चढवाव्या?

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें आम्हांस पेंचांत टाकलें. मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची गिटार घेऊन स्वारी आमच्यापुढें बसली आणि म्हणाली, "आजोबा, मालकंस वाजवूं जातों, पण हें वाद्य ऐकतच नाहीं. विकून टाकतों झालें!" आम्हीं जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलें, गिटारीशीं आमचा संबंध काय? पण घरांत तंबोरा आहे आणि तो रोज लावण्याची संवय आहे. तेवढ्या भांडवलावर आम्ही चौकशीस लागलों.

हवाई बेटांतील लाये गांवच्या जोसेफ केकुकू नांवाच्या मुलानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटारीच्या तारांवर लोखंड फिरवून ही रीत काढली असें मानतात. १९१५ सालच्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर ती अमेरिकेंत फार लोकप्रिय झाली. पुढें आवाज लहान पडतो म्हणून जॉन डोपियेरा यानें गिटारीच्या पोटांत अॅल्युमिनियमचे पातळ शंकू बसविले. तीं वाद्यें १९२७ सालीं बाजारांत आलीं. मागाहून त्याच्या बंधूंसह निघालेल्या वाद्याचें नांव 'डोब्रो'. त्यांत आडनांवाचीं अक्षरें आहेत, आणि त्यांच्या स्लोव्हाक मातृभाषेंत त्याचा अर्थ 'चांगलें' असाहि होतो. श्लेष बरा साधला आहे!

आतां मूळ मुद्दा. साध्या गिटारीवर डाव्या हाताचीं बोटें निरनिराळ्या पडद्यांवर पडतात. येथें पोलादाची एकच सरळ कांडी तारांवर आडवी फिरते. अर्थात् मोकळ्या तारा जें बोलतील तेंच ती वर-खालीं नेणार. तारांतच संवाद नसेल तर कांडी तो कोठून आणील?

साध्या गिटारीच्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी, बी, ई अशा असतात. त्यांतील पहिली, दुसरी व सहावी एकेक पूर्ण स्वर आणि तिसरी अर्धा स्वर उतरविली, कीं 'डी' हा षड्ज धरून सा प सा ग प सा अशी जुळणी होते. हींत एकहि तार चढवावी लागत नाहीं. डोब्रोवाले मात्र 'जी' षड्ज धरून सा ग प सा ग प लावतात. तीसाठीं पांचवी तार पूर्ण स्वर आणि सहावी दीड स्वर चढते. म्हणून त्या दोन जागीं नेहमींपेक्षां पातळ तारा घालाव्या लागतात. आमच्या नातवानें जुन्याच जाड तारा पिळल्या. सहावी तुटून त्याच्या गालावर बसली. डोळा बोटभर अंतरानें वांचला. गालावरचा वळ पाहून त्याच्या आजीनें वाद्य माळ्यावर टाकण्याचा हुकूम सोडला होता, तो आम्हीं कसाबसा तहकूब करविला.

त्यानंतर त्यानें 'डी'ची जुळणी धरली, आणि अडचण तेथेंच होती. मालकंसांत पंचम वर्ज्य, गांधार कोमल. आणि येथें दोन तारा पंचम घोकीत आहेत, एक शुद्ध गांधार! आम्हीं विचारलें, "बाळ, मालकंसाला तंबोऱ्याची पहिली तार आपण कशावर आणतों?" तो क्षणभर थांबला आणि हंसला. दोन्ही पंचम पूर्ण स्वर उतरवून मध्यमावर आणले, गांधार अर्धा उतरवून कोमल केला: सा म सा ग म सा. त्याच्या पुस्तकांत ही जुळणी नव्हती.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. मोबाईलमधील स्वर दाखविणारें यंत्र शुद्ध गांधार किंचित् चढा लावतें. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारें चौदा भाग. तो कानानें उतरवून घ्यावा.

हें सारें परकें म्हणून नाक मुरडणारांस इतकेंच सांगतों कीं, तेराव्या शतकांत देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरां'त एकतंत्री वीणेचें वर्णन केलें आहे. तिच्या तारेवर बांबूची 'कम्रिका' सरकवीत. आपल्या काळीं ब्रिजभूषण काब्रा यांनीं गिटारीवर राग वाजवून दाखविले, आणि विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिकहि मिळालें.

वाद्य विकण्याची गोष्ट आतां घरांत निघत नाहीं. धैवत मात्र अजून जरा चढा लागतो; चिरंजीव कानाऐवजीं पडद्याकडे पाहतात.