पावडर लिहून द्या ना, डॉक्टर

“डॉक्टर, पोरगी काहीच खात नाही. एखादी चांगली पावडर लिहून द्या ना.”

हे वाक्य माझं. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, डब्यामागची बारीक अक्षरं मला वाचता येतात, आणि तरीही वर्ध्यातल्या एका दवाखान्यात, बाहेर वीसेक जण नंबर लावून बसलेले असताना, मी ते म्हटलं. लेक तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. डॉक्टरांनी तिचं वजन केलं नाही, पापणी खाली ओढून पाहिली नाही, दिवसभरात ती काय खाते ते विचारलं नाही. चिठ्ठीवर एका डब्याचं नाव लिहिलं आणि खाली ‘दोन चमचे, दुधातून, दिवसातून तीनदा’. औषधाच्या दुकानात तो डबा समोरच्याच फळीवर होता. सातशेच्या आसपास. मी खूश होऊन नालवाडीला घरी आले.

मला आज भांडायचंय ते त्या डॉक्टरांशी, तो डबा विकणाऱ्यांशी आणि त्या दिवशी खूश झालेल्या माझ्याशीसुद्धा.

पुढचे पाच महिने असे गेले. सकाळी एक मोठा ग्लास चॉकलेटी दूध, दुपारी झोपायच्या आधी एक, रात्री एक. मिळून पाऊण लिटरच्या जवळ. दूध ती आनंदानं प्यायची, कारण गोड होतं. ताटाकडे मात्र बघायची नाही. वरणभाताचे दोन घास, मग तोंड फिरवायचं. ती जेवत नाही म्हणून मी दूध द्यायचे, आणि ग्लास रिकामा झाला की वाटायचं, चला, पोटात काहीतरी गेलं. सासूबाईंनी एकदा सरळ विचारलं, “काऊन वं, दूध पाजून पाजूनच लेकराचं पोट भरवतं, मंग ते जेवन ठेवन कुठी?” मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय. डब्यावर तेवीस पोषक घटकांची यादी आहे.

मग लेक भिंतीचे पोपडे खायला लागली.

आधी गंमत वाटली, मग राग आला, मग भीती. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तिनं काय काय खाल्लं, क्रमानं सांगा.” मी सांगत गेले आणि मला माझंच ऐकू येत गेलं. दूध, बिस्किट, दूध, दोन घास, कुरकुरीत काहीतरी, दूध. वजन ठीक होतं, अकरा किलोच्या वर. वाढीच्या तक्त्यावरची रेघ सरळ चढत होती. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.१. या वयात ते ११ च्या खाली गेलं तर रक्तक्षय धरतात. माती, खडू, पोपडे खाण्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं.

म्हणजे ‘लोहयुक्त’ लिहिलेला डबा पाच महिने पोटात जात असताना माझ्या मुलीच्या रक्तातलं लोह कमी पडत होतं. हे कसं, ते डॉक्टरबाईंनी समजावलं आणि त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. शिवाय त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं दुसरीकडून आलेलं लोह शोषायला अडथळा करतात. म्हणजे पावडरीत घातलेलं लोहही दुधातून दिलं की त्यातलं थोडंच अंगी लागतं. आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट ही, की पाऊण लिटर दूध नि वर साखर एवढ्यानंच या वयाच्या मुलाची दिवसाची निम्म्याहून जास्त ऊर्जा भरून निघते. भूक राहणार कुठून? सासूबाईंचाच मुद्दा होता तो, फक्त वऱ्हाडीत नव्हता.

मग मी विचारलं, पण डबा घ्यायच्या आधीसुद्धा ती कमीच खात होती, त्याचं काय? उत्तर असं मिळालं: पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते. दीड-दोन वर्षांचं मूल ‘आधी किती छान खायचं, आता खातच नाही’ असं वाटणं घरोघरी आहे, आणि बहुतेक वेळा त्यात आजार काही नसतो.

आता गंमत पाहा. आपल्या देशात १९९२ सालचा एक चांगला, कडक कायदा आहे, अर्भकांसाठीच्या दूधपर्यायांचा आणि शिशुआहाराचा. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या या उत्पादनांची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत, डॉक्टरांना भेटवस्तू देता येत नाहीत, त्यांच्या संघटनांच्या परिषदा प्रायोजित करता येत नाहीत. जगात फार थोड्या देशांत असे कायदे आहेत. पण त्याचं कुंपण दोन वर्षांवर संपतं. पंचविसाव्या महिन्यात रान मोकळं. नेमकं तेच वय, जेव्हा भूक आपोआप कमी झालेली असते आणि आई घाबरलेली असते. जो डबा आपल्याला टीव्हीवर, रीलमध्ये आणि दवाखान्यातल्या भिंतीवरच्या उंची मोजायच्या जिराफावर दिसतो, तो ‘दोन वर्षांवरील मुलांसाठी’ असतो. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांना नमस्कार.

‘हेल्थ ड्रिंक’ या शब्दाचीही हीच कथा. एप्रिल २०२३ मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला, त्याला कंपनीची कायदेशीर नोटीस आली, त्यानं व्हिडिओ काढून माफी मागितली. पण तोवर तो लाखो लोकांनी पाहिला होता. वर्षभरानं, एप्रिल २०२४ मध्ये, केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढा. कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ नावाची व्याख्याच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सवाल्या कंपनीनं आपल्या वर्गाचं नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक्स’ केलं. नाव बदललं. आपण मात्र अजून ‘ताकदीची पावडर’च मागतो.

“अगं पण अपाय तर काही नाही ना? दूध तरी पितं त्या निमित्तानं.” माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर हा मुद्दा दर आठवड्याला येतो. अपाय आहे. माझ्या घरी तो ९.१ या आकड्यात दिसला. ज्यांच्याकडे दिसत नाही त्यांच्याकडेही जीभ गोडाला सरावते आणि महिन्याला हजार-दीड हजार जातात. प्रथिनांचं म्हणाल तर एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतात साधारण बारा ग्रॅम. एका अंड्यात सहा. पेलाभर दुधात सहा-सात. वाटीभर घट्ट वरण त्याशिवाय. मुलाला प्रथिनं कमी पडतील या भीतीनं आपण डबा घेतो, आणि दोन गोष्टींत दिवसाची गरज संपलेली असते.

डब्याच्या घटकांत सोयाबीन प्रथिन वाचून मला हसू आलं. मगनवाडी माझ्या घरापासून फार लांब नाही. १९३५ मध्ये गांधीजी तिथं राहत असताना आश्रमाच्या स्वयंपाकात सोयाबीनचे प्रयोग चालले होते आणि त्यावर ते ‘हरिजन’मध्ये लिहीत होते. गरिबाला स्वस्त प्रथिन कसं मिळेल, हा प्रश्न होता. आज आमचा जिल्हा सोयाबीन पिकवतो. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नास, आणि बाजारात बऱ्याच शेतकऱ्यांना तेवढाही मिळाला नाही. ते सोयाबीन चॉकलेटच्या चवीत चारशे ग्रॅमला सातशे रुपये होऊन आमच्याच लेआउटमधल्या फ्लॅटात येतं. विनोबा राहिले ती नालवाडी आता अशी लेआउटांची आहे.

सगळी पूरकं थोतांड आहेत असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका. तो ‘आमच्या आजीनं कुठं दिलं होतं’वाला व्हॉट्सॲपी शहाणपणाही मला नको, आजीची किती लेकरं दगावली ते आजी सांगत नाही. पहिल्या वर्षात बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, बालरोगतज्ज्ञ सांगतात ते द्यावेत. कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळांना लोह लवकर सुरू करावं लागतं. तीव्र कुपोषित मुलाला खास आहार लागतो, तिथं भाकरीचे गोडवे गाणं क्रूरपणा आहे. आणि महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळजवळ ६९ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. पूरक लागतंच. प्रश्न कुठलं, कोणाला आणि कशासाठी, एवढाच आहे.

आणि ते पूरक फुकट आहे, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. सहा महिने ते पाच वर्षं, आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोह-फोलिक ॲसिडचं औषध. पन्नास मिलिची बाटली, झाकणातूनच मापात येतं. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे नऊ डोस. वर्षातून दोनदा जंताची गोळी. हे आशाताई आणि अंगणवाडीच्या ताई घरी येऊन सांगतात. आमच्याही दारात आल्या होत्या. मी बाटली घेतली, “हो ताई, देते” म्हटलं आणि फ्रीजवर ठेवून विसरले. का? कारण ती फुकट होती. लेबल साधं होतं. आपल्यासारख्यांसाठी ते नसतं, असं मला आतून वाटत होतं. पोषण आहाराचं पाकीट तर मी गाईच्या आंबोणात जाताना पाहिलंय. त्याची चव लेकरांना आवडत नाही ही तक्रार खरी आहे, आणि ती ऐकून घेणारं कुणी नाही हेही खरं. पण मी चव घेऊन नाकारलं नव्हतं. मी ते सरकारी म्हणून नाकारलं होतं. खासगी डबा घेताना मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, मान्य. दिवसाला शंभर लेकरं तपासणाऱ्या माणसाला चार मिनिटांत आईला गप्प करायचं असतं आणि डब्याचं नाव लिहिलं की आई गप्प होते. पण एक चिठ्ठी लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात “दूध किती पिते?” एवढं विचारून होतं. मी तर तेही विचारू दिलं नाही, आत शिरतानाच पावडर मागितली. आता मी विचारते: कशाची कमतरता आहे, कशावरून, किती दिवस द्यायचं, नाही दिलं तर काय होईल. पहिल्यांदा विचारताना आवाज कापला होता.

या डॉक्टरबाईंनी दूध दिवसाला दोन लहान पेल्यांवर आणलं, तेही जेवणानंतर बऱ्याच वेळानं. लोहाचे थेंब तीन महिने, दुधासोबत नाही, लिंबाच्या सरबतासोबत. “शी काळी होईल, घाबरून फोन करू नका,” म्हणाल्या. मी तरी केलाच. पहिले चार दिवस लेकीनं रडून घर डोक्यावर घेतलं. पाचव्या दिवशी सासूबाईंच्या ताटातली ज्वारीची भाकर, वरणात कुस्करलेली, तिनं स्वतःच्या हातानं उचलली. जवसाची चटणी चाखून तोंड वाकडं केलं आणि पुन्हा मागितली.

सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.४. पोपडे खाणं थांबलंय. थेंब संपल्यावर सरकारी बाटली सुरू करायची आहे, म्हणून गेल्या मंगळवारी अंगणवाडीत गेले. ताई म्हणाल्या, “साठा संपलाय मॅडम, पुढच्या आठवड्यात या.” मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे. नसेल तर त्याच्या पुढच्या.