इंटरव्ह्यूत तोंड उघडा

मोठ्या कंपनीचा इंटरव्ह्यू म्हटलं की आपली पोरं शर्टाला इस्त्री करतात आणि विचारलं तेवढंच बोलून गप्प बसतात. का? सिंगापूरच्या साइटवर सुपरवायझर हवा असेल तर ते ड्रॉइंग पुढे टाकतील, बार बेंडिंग शेड्यूल वाचायला लावतील, स्लॅबला काँक्रीट किती लागेल विचारतील. डिप्लोमावाल्याला एवढं येतंच. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं.

पण तुम्ही काय विचारणार? आधी हे: आयपीएवर, म्हणजे पासच्या मंजुरीपत्रावर, मालक म्हणून नाव कुणाचं? बोर्डावर मेन कॉन्ट्रॅक्टर आणि पगाराला तिसराच सबकॉन्ट्रॅक्टर, हे इथे नवीन नाही.

मग ओव्हरटाइम. इथे खरी मेख आहे. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला कायद्याने ओव्हरटाइम मिळतो तो ४,५०० डॉलर बेसिकपर्यंत. नुसती देखरेख करणाऱ्याला फक्त २,६०० पर्यंत. आणि एस पासला पगारच किमान ३,३०० लागतो! म्हणजे रात्री अकरापर्यंत काँक्रिटिंगला उभं राहा, कायदा काही देणार नाही. करारात लिहिलं असेल तरच मिळेल. ‘नंतर बघू’ म्हणाले तर तिथेच ईमेल मागा.

आणि नोकरी देतो म्हणून मालकानेच पैसे मागितले तर तो सिंगापुरात गुन्हा आहे, मग त्याला ‘डिपॉझिट’ म्हणा नाहीतर ‘प्रोसेसिंग’. भारतातल्या नोंदणीकृत एजंटची फी ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, बस्स. लाखाच्या गोष्टी करणाऱ्याकडे पावती मागून बघा.