विश्लेषण : रायफल तीच, नेम तोच, मग गोळी का सरकते?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवे स्थान मिळवले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी कांस्यपदक जिंकले. त्याच फेरीत ५८९ गुण मिळवणारा ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर अकरावा आला आणि स्पर्धेबाहेर गेला. ६० गोळ्यांत फरक फक्त एका गुणाचा. ज्या खेळात निकाल इतका बारीक असतो, तिथे हात, डोळा आणि मनाबरोबर काडतुसाचाही विचार व्हायला हवा. आपल्याकडे तो फार वरच्या पातळीवर गेल्यावर होतो.

काडतूस स्वतः का भरतात?

अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी करणारे अनेक जण काडतुसे स्वतः भरतात. त्याला हँडलोडिंग म्हणतात. काडतुसाचे भाग चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, दारू आणि गोळी. वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येते. त्यात पैसे वाचतात, पण खरा हेतू असतो सारखेपणाचा. दारू ‘ग्रेन’मध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. त्याच्याही दहाव्या भागापर्यंत काटेकोर वजन होते. दारू कमीजास्त झाली की गोळीचा वेग बदलतो आणि हजार यार्डांवर ती वर किंवा खाली लागते.

भारतात हे करता येते का?

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे. त्यामुळे व्हिडीओ पाहून घरी असा प्रयोग करणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. शिवाय ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफलला त्याचा उपयोगही नाही. तिथे .२२ रिमफायर काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्रायमर नसतो. ठिणगी पाडणारे रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेले असते. ती कड एकदा ठेचली गेली की पुंगळी निकामी होते.

मग नेमबाजाच्या हाती काय उरते?

उरते ती निवड. कारखान्यात एकाच साहित्यातून सलग तयार झालेल्या काडतुसांच्या गटाला ‘लॉट’ म्हणतात. त्याचा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. एकाच कंपनीच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. प्रत्येक रायफलची नळी वेगळी असल्याने एकीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. म्हणून ‘इली’, ‘लापुआ’ यांसारख्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात. माणसाचा हात मध्ये नसतो, त्यामुळे गोळ्या किती विखुरतात हे स्पष्ट दिसते. जो लॉट जमतो, त्याचीच पुढच्या हंगामाची खरेदी होते.

फरक किती पडतो?

५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. ५.६ मिलिमीटरच्या गोळीची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य १६ मिलिमीटरच्या वर्तुळात पडायला हवा. एखादा लॉट शिकंज्यातूनच १४ मिलिमीटर विखुरत असेल, तर नेमबाजाच्या हाताला चुकायला जागाच राहत नाही. तो विखुरणे ९ मिलिमीटर असेल, तर थोडी मुभा मिळते. अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात आणि तिथे ०.१ गुण म्हणजे अवघे ०.८ मिलिमीटर.

हे चोचले नव्हेत का?

‘आधी हात स्थिर करा, मग काडतुसांचे बोला,’ असे प्रशिक्षक म्हणतात. नवशिक्यासाठी ते खरेच आहे. पण राज्य स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीची एक गोळी नऊमध्ये गेली, तर ती चूक तिची की लॉटची, हे चाचणीशिवाय कळणार कसे? मग दोष नसलेली ढब बदलली जाते, महिने वाया जातात आणि मुलीचा स्वतःवरचा विश्वास उडतो. परदेशात जाऊन चाचणी करणे ज्यांना परवडते, त्यांना हा प्रश्न पडत नाही. तालुक्याच्या गावातून आलेल्यांना तो पडतो.

काय करता येईल?

बालेवाडीसारख्या शासकीय रेंजवर एक पक्का शिकंजा आणि एक इलेक्ट्रॉनिक लक्ष्य चाचणीसाठी राखून ठेवावे. कोणत्या क्रमांकाच्या रायफलला कोणता लॉट जमला, याची नोंदवही ठेवावी. संघटनेने आधी थोडे नमुने मागवून ते तपासावेत आणि मगच मोठी खरेदी करावी. एअर रायफलच्या छर्‍यांपासून सुरुवात केली तर खर्च आणखी कमी होईल, ४.४९ की ४.५० मिलिमीटर, हा प्रश्न तिथेही असतोच.

पदक आल्यावर बक्षिसे जाहीर होतात, ती द्यावीतच. पण त्या रकमेतला थोडासा भाग आधी या चाचणीवर खर्च झाला, तर पदकाच्या जवळ पोहोचणारी मुले वाढतील.