सारंगखेड्याच्या यात्रेत विकल्या जाणाऱ्या घोड्यांना नव्या पागेत स्थिरावण्यासाठी मुदत व सोयी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय: घोड्याच्या विक्रीनंतरचे पहिले २१ दिवस, हिवाळ्यातील निगा व शिकवणीविषयी मागण्या.

महोदय,

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या यात्रेत राजस्थान, गुजरात, पंजाब आणि उत्तर प्रदेशातून मारवाडी, काठियावाडी व नुकरा, म्हणजे पांढऱ्या केसांचे आणि गुलाबी कातडीचे, घोडे विक्रीस येतात, आणि सौदा ठरून पावती फाडली की त्यांपैकी पुष्कळसे त्याच दिवशी ट्रक किंवा टेंपोत चढवले जातात. यात्रेपुरता व्यवहार तिथे मिटतो. घोड्याला मात्र ऐन मार्गशीर्षाच्या थंडीत दाणा, पाणी, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) आणि शेजारची जनावरे एकदमच बदललेली सोसावी लागतात, आणि या काळाची जबाबदारी कोणाची हे कोठेही लिहिलेले नसते.

घोडा आजारी पडला की दोष बहुधा थंडीला दिला जातो, पण तो पुरता खरा नाही. थंडीची सवय झालेला, कोरडा आणि पोटभर चारा मिळणारा निरोगी घोडा शून्याजवळचे तापमानही सोसतो. उत्तर महाराष्ट्रात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली उतरला तरी त्याने असा घोडा खचत नाही. अपाय होतो तो कोंडलेल्या हवेने: वाऱ्याला आडोसा हवा या समजुतीने पागेच्या खिडक्या पोत्यांनी बंद केल्या जातात, आणि मग मुताने भिजलेल्या अंथरणातून निघणारा अमोनिया व कडब्याची धूळ आत कोंडून राहते. उभ्या माणसाला ही हवा जाणवत नाही. जमिनीपासून हातभर उंचीवर, जिथे घोडा चारा खातो तिथे, नाक नेल्यास डोळे चुरचुरतात. त्यात प्रवासभर तोंड उंच बांधलेले असेल, तर श्वासनलिकेतील स्राव खाली उतरून बाहेर पडण्यास वाव मिळत नाही आणि फुप्फुसांना संसर्ग होण्याची भीती वाढते.

याहून मोठा धोका पोटाचा आहे. घोड्याचे जठर अवघे ८ ते १५ लिटरांचे असते, त्याला ओकता येत नाही, आणि वैरणीचे खरे पचन मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांवर अवलंबून असते; हे सूक्ष्मजीव नव्या खाद्याला सरावण्यास १० ते १४ दिवस लागतात. बाजरी आणि भुशावर वाढलेल्या घोड्याला खरेदीदार कौतुकाने पहिल्याच संध्याकाळी हरभऱ्याची भरपेट चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, घालतो, आणि पोटशूळाला आमंत्रण देतो. त्यातच पाणी गार लागले की घोडा ते कमी पितो. दिवसाला २५ ते ४० लिटरांची गरज असताना सकाळी बादली जवळजवळ भरलेली आढळते आणि लीद लहान, कोरड्या गोळ्यांची पडू लागते. ही खूण ज्या मोतद्दाराला ओळखता येते, तो कोमट पाणी पुढे करून आणि चंदीत थोडे मीठ घालून पुष्कळदा पुढचा प्रसंग टाळतो. परंतु हे ज्ञान घराण्यातून पिढ्यानपिढ्या चालत आलेले आहे; नव्या खरेदीदाराजवळ ते असतेच असे नाही.

शिकवणीची घाई ही तिसरी बाब. नव्या घोड्याला पहिले काही दिवस हाताने चालवावे, नंतर काव्यावर धरावे, म्हणजे लांब दोरीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी वर्तुळात फिरवावे (गनिमी काव्यातील ‘कावा’ हा शब्द याच घोडेफिरवणीशी जोडला जातो), आणि अंगात ऊब आल्याखेरीज रेवाल किंवा दुडकी चालीची अपेक्षा करू नये, हा जुन्या चाबूकस्वारांचा, म्हणजे घोडा शिकवणाऱ्यांचा, शिरस्ता आहे. हिवाळी केस वाढलेला घोडा घामाने भिजला, तर तो लवकर सुकत नाही. म्हणून पुढच्या पायांमधील छातीला हात लावून ती कोरडी असल्याची खात्री झाल्यावरच झूल घालावी लागते. प्रत्यक्षात मात्र आठवडाभरही न स्थिरावलेला घोडा बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात वरातीला उभा केला जातो. वास्तविक पंचांगच येथे सवड देते: दत्तजयंतीनंतर पंधरवड्यात पौष लागतो, आणि पौषात महाराष्ट्रात लग्नाचे मुहूर्त सहसा धरत नाहीत, मार्गशीर्षातला तेवढा पंधरवडा सांभाळला की शिकवणीला महिना सलग मिळतो.

या कारणांनी पुढील व्यवस्था व्हावी अशी मागणी आहे. विक्रीच्या पावतीसोबत प्रत्येक घोड्याचे अश्वपत्रक देणे बंधनकारक करावे आणि त्यात त्याचा चालू चारा व चंदी, धनुर्वाताची लस, जंतनाशक व नालबंदीची तारीख नोंदवावी. विक्रेत्याने निदान आठ दिवस पुरेल इतका घोड्याच्या सवयीचा दाणा खरेदीदाराला वाजवी दराने द्यावा. खरेदीनंतर २१ दिवस घोडा मिरवणुकीस किंवा भाड्याच्या कामास लावू नये, ही अट पावतीवरच छापली जावी. यात्रेतून निघणाऱ्या मार्गांवरील पशुवैद्यकीय दवाखान्यांत घोडे उतरवण्याचा उतार, पाणी आणि मान खाली सोडून विसाव्याची जागा असावी, आणि यात्राकाळात पशुवैद्यकाची रात्रपाळी असावी. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या तज्ज्ञांकडून मोतद्दारांसाठी यात्रेच्या तळावरच प्रात्यक्षिके घेतली जावीत. त्यांत जाणत्या चाबूकस्वारांनाही शिकवण्यास बोलवावे.

ग्लँडर्स हा माणसालाही होणारा आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या अधिनियमान्वये कळवणे बंधनकारक असलेला रोग असल्याने, त्याचा रक्तचाचणी अहवाल पाहूनच घोड्याला तळावर प्रवेश देण्याची अट काटेकोरपणे पाळली जावी, याबद्दल वेगळे विवेचन करण्याची गरज नाही.

परगावचे व्यापारी यात्रेच्या बरेच दिवस आधी घोड्यांसह निघतात. तरी वरील मागण्यांप्रमाणे आदेश कार्तिकी पौर्णिमेपूर्वी निघून राजस्थानी, गुजराती, पंजाबी व हिंदी भाषांतही त्यांच्यापर्यंत पोहोचावेत, ही विनंती.

आपले नम्र,
सारंगखेडा यात्रेतील अश्वविक्रेते, खरेदीदार, मोतद्दार व चाबूकस्वार