शेवटच्या स्वाराची चिंता

रविवारी पहाटे साताऱ्याच्या पोवई नाक्यावर दहा-बारा मोटारसायकली रांगेने उभ्या राहिल्या की येणारा-जाणारा क्षणभर थबकतो. चकाकणाऱ्या टाक्या, जाड जाकिटे, बुलेटचा तो धीरगंभीर नाद! घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र एकच प्रश्न असतो : मुलगा संध्याकाळी धड परत येईल ना? हा प्रश्न अनाठायी नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्याच ५० हजार २९ होती.

म्हणूनच मोटारसायकल क्लबच्या स्थानिक शाखेचे प्रमुखपद ही मिरवण्याची गोष्ट नव्हे. प्रमुख म्हणजे सर्वांत पुढे, सर्वांत वेगाने धावणारा, हा समज चित्रपटांनी रुजविला. प्रत्यक्षात धोका असतो तो रांगेच्या शेपटाकडे. पुढचा स्वार वळण संपताच वेग वाढवितो, तेव्हा मागचे अद्याप वळणातच असतात. पडलेले अंतर भरून काढण्यासाठी प्रत्येक जण थोडा थोडा अधिक वेग घेतो. पुढचा साठच्या गतीने निवांत चाललेला असताना दहावा ऐंशीने धावत असतो, आणि तो बहुधा सर्वांत नवखा असतो. जाणता प्रमुख ही रचनाच उलटी करतो. नवखा आपल्या लगेच मागे, कसलेला स्वार सर्वांत शेवटी. सांगलीला जाताना पेठ नाक्यावर महामार्ग सोडावा लागतो. तेथे एकाने थांबून राहायचे आणि शेवटची गाडी वळल्याखेरीज हलायचे नाही.

शेवटच्या स्वाराजवळ क्लचची तार, प्लग आणि प्रथमोपचाराची पेटी असते. म्हैसूरला १९६१ पासून तयार होणाऱ्या जावा आणि पुढच्या येझ्दी गाड्यांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. त्या जुन्या गाड्या जपणाऱ्यांना बंद पडलेल्या सोबत्यासाठी थांबणे कोणी शिकवावे लागले नाही.

रस्त्याचेही भान हवे. उसाच्या हंगामात कराड-वाळवा पट्ट्यात अंधार पडल्यावर दोन ट्रॉल्या जोडलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर कोठे पुढ्यात येईल, याचा नेम नसतो. समर्थ रामदासस्वामींनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, बहे व शिराळा हे दोन सांगलीत आणि उरलेले दोन कोल्हापुरात. हे अकराही एका दिवसात 'करण्याची' ईर्ष्या तरुणांत असते. अंग आंबलेले, डोळे चुरचुरणारे, अशा स्थितीत परतीचा रस्ता कापण्यापेक्षा प्रमुखाने दोन दिवस ठरवावेत. दर्शनाची शर्यत कशाला?

खरी कसोटी मात्र निघण्यापूर्वीच लागते. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार चालविणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट अनिवार्य आहे. हे सर्वांना ठाऊक असते. पण साताऱ्यासारख्या गावात हेल्मेटविना आलेला तरुण अनोळखी नसतो. तो प्रमुखाच्या शेजाऱ्याचा मुलगा असतो, मेव्हण्याचा मित्र असतो, कधी क्लबच्या कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या व्यापाऱ्याचा चिरंजीव असतो. त्याला दहा जणांसमोर ''आज तू येणार नाहीस'' असे सांगणे सोपे नाही. भिडेपोटी एकदा सूट दिली की पुढच्या रविवारी तिघे उघड्या डोक्याने येतात. सायलेन्सर बदलून रुग्णालयापुढून गडगडाट करीत जाणाऱ्यालाही हाच न्याय हवा. त्या आवाजाला पौरुष समजणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.

नकार मिळालेला तरुण त्या दिवशी चरफडत घरी जातो. कदाचित दोन महिने बोलतही नाही. प्रमुखाने ते सोसावे. आणि तो हेल्मेट घेऊन परत आला, तर कोणतीही आठवण न काढता त्याला आपल्या लगेच मागची जागा द्यावी.